अनेक हातांची सेवा

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात एका सेवानिवृत्त शिक्षकाने केलेले भाषण)



 मी विद्वान वक्ता नव्हे. मॅट्रिक होऊन शिक्षकाचा पेशा पत्करलेला आणि उभे आयुष्य लहान मुलांना बाराखडी व पाढे शिकविण्यात घालविलेला मी एक साधा मनुष्य आहे. तेव्हा माझ्या बोलण्यात अलंकार सापडले नाहीत, तर आपण ते गोड करून घ्यावे.

आपल्या इमारतीच्या तळमजल्यावर दिव्यांग मुलांसाठी व माणसांसाठी दिवसभराचे एक केंद्र काढावे, आणि ते सर्व जातिधर्मांच्या लोकांस खुले असावे, असा ठराव आज या सभेपुढे आहे. ठराव स्तुत्य आहे. तो संमत होईल आणि देणग्याही जमतील, याविषयी मला शंका नाही. परंतु इमारत, खुर्च्या, पंखे आणि नामफलक एवढ्याने अशी संस्था उभी राहात नाही. ती ज्यांच्या हातांवर उभी राहते त्या सेवकवर्गाविषयी आपण अद्याप काहीच बोललो नाही. आजचा माझा विषय तोच आहे.

सन २०११ च्या जनगणनेप्रमाणे आपल्या देशात सुमारे २ कोटी ६८ लक्ष दिव्यांग व्यक्ती होत्या आणि त्यांपैकी सुमारे २९ लक्ष ६३ हजार आपल्या महाराष्ट्रात होत्या. १९९५ च्या कायद्याने दिव्यांगत्वाचे सात प्रकार मानले होते. २०१६ च्या कायद्याने ते एकवीस मानले. म्हणजे ज्यांची दखल पूर्वी कोणी घेत नव्हते, अशी कितीतरी माणसे आज कायद्याच्या दृष्टीस पडू लागली. कायदा हक्क देतो. पण घास भरविणे, कूस पालटणे, हात धरून जिना चढविणे ही कामे कायद्याच्या पुस्तकाकडून होत नाहीत. त्यांना माणसेच लागतात.

आपल्या समाजात अशा सेवेविषयी एक समजूत रूढ आहे. ती अशी की, सेवा ही एखाद्या थोर व्यक्तीच्या करुणेतून होते. करुणेवाचून आरंभ होत नाही, हे खरे. पण आरंभ झाल्यावर पुढे काय? आपल्याकडील लग्नाची पंगत आठवा. आचाऱ्याने वरण कितीही सुरेख केले, तरी भात वाढून गेला आणि वरणवाला दहा मिनिटे आलाच नाही, तर पानावरचा भात निवून जातो. मीठ वाढणारा एका ओळीला विसरला, तर ती सबंध ओळ अळणी जेवते. पंगत आचाऱ्याची नसते. ती वाढप्यांची असते, आणि त्यांतील प्रत्येकाला आपल्या पुढे कोण गेला व मागून कोण येतो आहे, हे ठाऊक असावे लागते. दिव्यांगांच्या सेवेची गोष्ट हीच आहे. फरक एवढाच की, तेथे चूक झाली म्हणजे अन्न निवत नाही, माणसाच्या जिवाशी गाठ पडते.

हे मला पुस्तकातून कळले नाही. ते ज्या प्रसंगाने कळले तो मला भूषणावह नाही. तरी आज तो सांगणे मी माझे कर्तव्य समजतो.

निवृत्तीनंतर दुसऱ्या वर्षी एका निवासी विशेष शाळेच्या व्यवस्थापन समितीवर मला घेण्यात आले. त्या शाळेचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. तेथे चौदा वर्षांचा एक मुलगा होता. त्याला बोलता येत नसे आणि फेफऱ्याचा विकार असल्यामुळे दोन वेळा गोळी द्यावी लागे. एका संध्याकाळी तो जेवला नाही. गोळी जेवणानंतर द्यावयाची, म्हणून पाळीवरील सेवकाने ती थोडी थांबविली. तेवढ्यात त्याची पाळी संपली आणि तो घरी गेला. रात्रीच्या मावशी आल्या. त्यांनी वही पाहिली, तो गोळी दिल्याची खूण तेथे होती. कारण साऱ्या मुलांपुढच्या खुणा दुपारीच एकदम करून ठेवण्याची तेथे वहिवाट पडली होती. पहाटे स्नानगृहात त्या मुलाला आकडी आली. तो पडला, कपाळ फुटले, आणि पुढचे दोन दात गेले.

चौकशीला आम्ही तिघे बसलो. अर्ध्या तासात निकाल झाला. रात्रीची जबाबदारी मावशींची, सबब त्यांना कामावरून दूर करावे. त्या बाईंची नऊ वर्षांची नोकरी होती. त्या एवढेच म्हणाल्या, “गुरुजी, मला कुणी सांगितलंच नव्हतं.” ते वाक्य मी ऐकले आणि त्याखाली सही केली.

पुढे दोन महिने गेले नाहीत, तोच दुसऱ्या एका मुलाच्या बाबतीत तसाच घोटाळा झाला. या खेपेस पाळीवर दुसरीच बाई होती. तेव्हा माझे डोळे उघडले. आम्ही माणूस बदलला होता, पद्धत बदललीच नव्हती. वास्तविक त्या रात्री चूक करणारे पुष्कळ होते. आधीच खुणा करणारा होता, न सांगता घरी जाणारा होता, दोन पाळ्यांमध्ये पाच मिनिटांचीही गाठभेट न ठेवणारे आम्ही व्यवस्थापकही होतो. शिक्षा मात्र जी सर्वांत शेवटी उभी होती, तिला झाली.

मी त्या बाईंच्या घरी गेलो. क्षमा मागण्याचे शब्द मला नीट सापडले नाहीत. त्यांनी मात्र चहा केला आणि पहिला प्रश्न विचारला तो त्या मुलाविषयी. मग सहज बोलता बोलता म्हणाल्या, “फेफरं यायचं असलं की तो आदल्या दिवसापासून डावा कान चोळत राहतो. तेवढं लक्षात ठेवायला सांगा.” बंधुभगिनींनो, ही गोष्ट शाळेच्या एकाही कागदावर नव्हती. डॉक्टरांना ती माहीत नव्हती, अधीक्षकांना नव्हती, मला तर नव्हतीच. नऊ वर्षे त्या मुलाला न्हाऊमाखू घालून मिळविलेले ते ज्ञान आम्ही एका सहीने दाराबाहेर घातले होते. त्यांना परत कामावर घ्यावे, अशी सूचना मी समितीत मांडली. ती मंजूर झाली नाही. जागा भरली गेली होती. ते ओझे माझ्या मनावर आहे व राहील.

या प्रसंगानंतर मी या विषयाचे जे काही वाचन व चिंतन केले, त्यातून दोन उदाहरणे आपणांपुढे ठेवतो.

पहिले उदाहरण इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल या रुग्णालयाचे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळापर्यंत पाठीचा कणा दुखावून कमरेखाली लुळा पडलेला मनुष्य फार दिवस जगत नाही, असे डॉक्टर मंडळीही धरून चालत. तो कण्याच्या दुखापतीने मरत नसे. एका कुशीवर पडून राहिल्याने होणाऱ्या जखमा आणि मूत्रमार्गाचा दाह यांनी मरे. जर्मनीतून परागंदा होऊन आलेले डॉ. लुडविग गुटमन यांच्या हाती १९४४ च्या फेब्रुवारीत तेथील विभाग सोपविण्यात आला. त्यांनी कोणते नवे औषध शोधून काढले? त्यांचा मुख्य उपाय दिसण्यात अगदी साधा होता. दर दोन तासांनी, दिवसा आणि रात्री, प्रत्येक रुग्णाची कूस पालटावयाची. उपाय साधा खरा, पण तो एकट्याने होण्यासारखा नव्हता. त्याला परिचारिका हव्यात, उचलणारे सेवक हवेत, रात्री दोन वाजताही तितकीच दक्षता हवी. कूस खरोखरच पालटली जाते की नाही, हे पाहावयास डॉक्टर स्वतः रात्री-बेरात्री येत असत. सेवक हाच उपचार आहे, हे त्यांनी ओळखले होते.

याच रुग्णालयाच्या आवारात १९४८ साली २९ जुलै रोजी सोळा रुग्णांची धनुर्विद्येची स्पर्धा झाली. तिचीच पुढे वाढ होऊन १९६० साली रोम येथे ते सामने भरले, ज्यांना आज पहिले पॅरालिंपिक म्हणतात. आणि १९७२ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे, याच मालिकेत, आपल्या सांगली जिल्ह्यातील श्री. मुरलीकांत पेटकर यांनी पन्नास मीटर पोहण्याच्या शर्यतीत सुवर्णपदक मिळविले. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झालेला हा जवान. भारताला पॅरालिंपिकमध्ये मिळालेले ते पहिले सुवर्णपदक होय. २०१८ साली त्यांना पद्मश्री देण्यात आली. पदक त्यांच्या स्वतःच्या पराक्रमाचे, यात संशय नाही. पण ज्या जलतरणात त्यांनी ते मिळविले त्या सामन्यांचे मूळ शोधू गेल्यास आपण रात्री दोन वाजता कुणाची तरी कूस पालटणाऱ्या त्या अनाम सेवकांपाशी जाऊन पोहोचतो.

दुसरे उदाहरण आपल्याच देशातील, जयपूरचे. पाय गमावलेल्या माणसासाठी परदेशी पद्धतीचे जे कृत्रिम पाऊल मिळे, त्यावर बूट घालावा लागे. ते घालून मांडी घालता येत नसे, उकिडवे बसता येत नसे, चिखलातून शेतात जाता येत नसे. म्हणून आपले लोक ते कोपऱ्यात टाकून पुन्हा कुबड्या घेत. जयपूरच्या सवाई मानसिंग रुग्णालयात शस्त्रवैद्य डॉ. प्रमोद करण सेठी होते आणि रामचंद्र शर्मा नावाचे कारागीर होते. एकाजवळ अस्थिशास्त्राचे ज्ञान, दुसऱ्याजवळ हाताचे कसब. शर्मांचे शालेय शिक्षण बेताचेच होते. पण डॉक्टरांनी त्यांना केवळ सांगकाम्या मानले नाही. दोघांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी, आणि पाऊल घालून पाहून तक्रारी सांगणाऱ्या रुग्णांनी मिळून, १९६८ च्या सुमारास रबराचे ते पाऊल सिद्ध केले, जे आज जयपूर फूट या नावाने जगभर ओळखले जाते. डॉ. सेठी यांना १९८१ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. परंतु विचार करा, डॉक्टरांनी कारागिराचे ऐकले नसते तर? आणि दोघांनी मिळून रुग्णाचे ऐकले नसते तर? पाऊल दिसावयास सुंदर झाले असते, आणि कोपऱ्यातच पडले असते.

या दोन्ही उदाहरणांचे आणि माझ्या चुकीचे सार एकच आहे. सेवेचा दर्जा हा कोणा एकाच्या चांगुलपणात नसतो. तो एका हाताकडून दुसऱ्या हाताकडे काम जाते, त्या सांध्यात असतो. सांधा पक्का, तर दर्जा पक्का.

आता आपल्या नियोजित केंद्रापुरते काही सुचवितो. त्या शाळेत पुढे आम्ही ज्या गोष्टी केल्या व ज्यांचा उपयोग झालेला मी पाहिला, त्यांतीलच या आहेत.

पहिली गोष्ट, पाळी बदलताना दहा मिनिटे. जाणाऱ्याने येणाऱ्याला तोंडी सांगावे की, कोण जेवला नाही, कोण रडला, कुणाची गोळी राहिली. ही दहा मिनिटे पगारी धरावीत. सेवकाने ती आपल्या घरच्या वेळेतून द्यावीत, अशी अपेक्षा करू नये. आणि वहीत खूण करावयाची ती काम झाल्यावरच, आधी नव्हे.

दुसरी गोष्ट, प्रत्येक मुलाचे एक पान. त्याला काय आवडते, भूक लागली हे तो कसे सांगतो, कशाला भितो, आजारी पडण्यापूर्वी काय करतो, हे त्या पानावर असावे. ते साहेबांनी लिहू नये. जे त्याला न्हाऊ घालतात व भरवितात, त्यांच्या तोंडून ते लिहून घ्यावे, आणि आईलाही विचारावे. डावा कान चोळण्याची गोष्ट त्या पानावर असती, तर एका मुलाचे दात वाचले असते.

तिसरी गोष्ट, शिक्षण. विशेष शिक्षकांसाठी शिक्षणक्रम आहेत, आणि १९९२ च्या कायद्याने स्थापन झालेल्या भारतीय पुनर्वास परिषदेकडे त्यांची नोंदणीही होते. पण स्वयंपाकीण, गाडीवान, मावशी, पहारेकरी यांना कोणी काही शिकवीत नाही, आणि मूल तर दिवसातील अधिक वेळ त्यांच्याच सहवासात असते. फेफरे आलेल्या मुलाच्या नाकाशी कांदा किंवा चप्पल धरण्याची आपल्याकडील चाल निरुपयोगी आहे. दातांत चमचा घालणे तर घातक आहे. त्याला एका कुशीवर वळवावे, डोक्याखाली मऊ वस्त्र ठेवावे, घड्याळ पाहावे, आणि पाच मिनिटांत झटका थांबला नाही तर तत्काळ दवाखाना गाठावा. ज्याला गिळावयास कष्ट पडतात, त्याला आडवे निजवून कधीही भरवू नये. ताठ बसवून, हनुवटी किंचित खाली ठेवून, लहान घास द्यावा. एवढे ज्ञान दारावरच्या पहारेकऱ्यालाही असले पाहिजे. कारण संकट येते ते पदवी पाहून येत नाही.

चौथी गोष्ट, चूक सांगण्याची मुभा. जेथे चूक सांगितली की नोकरी जाते, तेथे चुका थांबत नाहीत, लपविल्या जातात. वर्गात जो मास्तर चुकलेल्या मुलाला आधी छडी मारतो, त्याला पुढे पाटीवर खरे उत्तर कधीच दिसत नाही. शेजाऱ्याचे उतरवून घेतलेले दिसते. हेतुपुरस्सर केलेला छळ किंवा मारहाण यांना मात्र क्षमा नाही, आणि ती नसावी. पण विसर, गैरसमज, थकवा यांतून झालेली चूक पुढे आणणाऱ्याला शाबासकी मिळावी. त्या शाळेत या सुधारणांनंतर चुका अजिबात झाल्या नाहीत, असे मी म्हणणार नाही. पण त्या त्याच दिवशी कळू लागल्या, आणि त्याच दिवशी दुरुस्त होऊ लागल्या.

पाचवी गोष्ट, वेतन आणि मान. महिन्याचा पगार ठरल्या दिवशी मिळावा. आठवड्याची सुटी खरोखर मिळावी. “त्यांना पुण्य लाभते” असे म्हणून कमी पगार देणे हा पुण्याचा मार्ग नव्हे. स्वतः पुण्य घ्यावे आणि खर्च दुसऱ्याच्या पोटावर टाकावा, असा तो प्रकार आहे. वार्षिक समारंभात देणगीदारांना आपण शाल-श्रीफळ देतो. त्याच व्यासपीठावर मावशींनाही बोलवावे. आणि स्तुती करावयाची तर मोघम करू नये. “बाई, तुम्ही त्या मुलीला तीन महिन्यांत स्वतःच्या हाताने पाणी प्यावयास शिकविलेत,” असे नेमके म्हणावे. नेमकी स्तुती ऐकून माणूस दुसऱ्या दिवशी अधिक मन लावून काम करतो, हा माझा पाठशाळेतील अनुभव आहे.

शेवटची आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट. ज्याची सेवा करावयाची, त्याला विचारा. आमच्याविषयीचा निर्णय आमच्यावाचून नको, अशी जगभरच्या दिव्यांगांची मागणी आहे. आपल्या केंद्राच्या समितीवर एक तरी दिव्यांग व्यक्ती आणि सेवकवर्गातील एक तरी प्रतिनिधी असावा, अशी दुरुस्ती मी या ठरावास सुचवितो. वाढदिवसाला गोड जेवण पाठविणारे आपण पुष्कळ आहोत. यापुढे ते पाठविण्यापूर्वी विचारावे की, आज काय हवे आहे. कदाचित उत्तर येईल, “जिलबी नको; जिन्याला कठडा बसवा.”

आणखी एक गोष्ट बोलणे मला प्राप्त आहे, मग ती कुणास कटू वाटली तरी चालेल. आपल्या ज्ञातीच्या वधूवर मेळाव्यात माहितीचे कागद भरताना कित्येक घरांतून दिव्यांग भावाचे वा बहिणीचे नाव गाळले जाते. पाहुणे येणार म्हणून त्या लेकराला मागच्या खोलीत नेऊन बसवितात. हे मी पाहिले आहे, आणि आपणही पाहिले आहे. अशा घरात ती आई हीच सकाळची पाळी, तीच रात्रीची पाळी, तीच परिचारिका आणि तीच शिक्षिका असते. तिला सुटी नाही, तिचे काम पुढे घेणारे कोणी नाही. ज्या मुलाचे अस्तित्वच आपण लपवितो, त्याच्यासाठी मदतीला माणसे कोठून येणार? केंद्र काढणे हे पुढचे पाऊल आहे. त्याआधीचे पाऊल हे की, पुढच्या संमेलनाला या मुलांनी पहिल्या रांगेत बसलेले दिसावे, आणि त्यांच्या आईला दोन तास तरी कोणीतरी म्हणावे, “वहिनी, तुम्ही निवांत जेवा, मी याच्याजवळ बसतो.” आपल्या केंद्राचा पहिला सेवक तोच होय, आणि त्याला कोणत्याही देणगीची वाट पाहावी लागत नाही.

गाव करी ते राव न करी, असे आपले पूर्वज म्हणून गेले. राव पैसा देऊ शकतो. दर दोन तासांनी उठणे गावाकडूनच होते. ठरावाच्या बाजूने हात वर करताना आपण प्रत्येकाने मनाशी एवढेच विचारावे की, हा हात पुढे कोणत्या कामाला लागणार आहे.

त्या मावशींचा मी पुन्हा शोध घेतला आहे. आपले केंद्र सुरू झाल्यास नव्या सेवकांना शिकविण्यासाठी येण्याचे त्यांनी मान्य केले आहे. मंडळाने त्यांना मानाने बोलवावे आणि त्यांच्या ज्ञानाचे योग्य वेतन द्यावे, अशी माझी हात जोडून विनंती आहे. एका चुकीच्या सहीचे परिमार्जन मला तेवढ्याने करता येईल की नाही, ते ठाऊक नाही. पण मुलांचे कल्याण निश्चित होईल.